तिसरा टाका

मिरज, ३ डिसेंबर २००६

प्रिय श्रीरंग,

पार्सल पोचलं. इंद्रजितचे दोन शर्ट, घड्याळ, कंपनीचं ओळखपत्र आणि तो बोटभर लांबीचा प्लेअर. शर्ट धुऊन पाठवायला नको होते. कुमुदने चांगल्या मनानेच धुतले असतील, तिला काही बोलू नकोस. पण नको होते.

यापुढे फोन करू नकोस. फोनवर मला रडू येतं, आणि रडताना मला विचार करता येत नाही. तू फौजेत होतास ती तेवीस वर्षं आपण पत्रांवर काढली, आताही तसंच करू. आठवतं ना, सेन्सॉर कापतो म्हणून तू कुठे आहेस ते लिहायचा नाहीस. मग आपलं ठरलं, ज्या पत्रात हवेबद्दल एक अक्षर नसेल ते पुढच्या चौकीवरून आलंय असं समजायचं. एकदा सात महिने तुझ्या पत्रात ऊनही नव्हतं आणि पाऊसही नव्हता, आणि मी इथे रोज जीव मुठीत धरून बसले होते.

आता कामाचं. कंपनीने मला दोन कागद पाठवलेत. पहिल्यावर इंद्रजितचं निवेदन टाइप केलंय. "मशीन का सेन्सर मैंने खुद बंद किया था। किसी ने कहा नहीं था। गलती मेरी है।" तीन वाक्यं. बावीस वर्षांच्या आयुष्याच्या शेवटी माझा मुलगा तीन वाक्यं बोलला आणि तीही परक्या भाषेत. दुसऱ्या कागदावर मी सही करायची, की हे निवेदन माझ्या मुलाचंच आहे आणि मला ते मान्य आहे.

आजवर मी न वाचलेल्या कागदावर सही केली नाही आणि न ऐकलेल्या माणसाबद्दल बोलले नाही. हे निवेदन त्या प्लेअरमध्ये आहे असं तूच सांगितलंस. त्याच्याबरोबरची ती बोंडं कानात घालून पाहिली. पस्तीस वर्षं हळद निवडणाऱ्या बायांच्या अड्ड्यावर, ट्रकांच्या घरघरीत ओरडून भाषणं केली, त्यात माझे कान गेले, तुला माहीत आहे. चिमणी चिवचिवावी तसं काहीतरी ऐकू येतं. माणूस आहे की यंत्र, तेही कळत नाही.

माझ्या लग्नात तू स्वतःच्या हाताने बांधून दिलेला अ‍ॅम्प्लिफायर अजून चालतो. लाकडी पेटी, दोन मोठे स्पीकर. त्यावर मला ऐकू येतं. हा प्लेअर त्याला जोडायची केबल करून पाठव. मला माझ्या मुलाचा आवाज ऐकायचा आहे.

तुझी ताई


पालम, १४ डिसेंबर २००६

ताई, नमस्कार.

पत्र मिळालं. शर्टांचं चुकलं.

केबलचं असं आहे. तुझ्या अ‍ॅम्प्लिफायरला मागे पाच भोकांचं गोल सॉकेट आहे, त्या काळी तेच असायचं. प्लेअरला हेडफोनचं बारीक भोक. दोघांना जोडणारी केबल बाजारात तयार मिळत नाही, बनवावी लागते. पाच पिनांचा प्लग शोधायला लाजपतराय मार्केटला दोनदा जाऊन आलो. नाही मिळाला. थोडा धीर धर.

दुकानात काम भरपूर आहे. गुडगावला रोज नवी सोसायटी उभी राहते आणि तिथली माणसं गाडीच्या डिकीत जुने डेक घालून पालमला येतात. परवा आपल्या पुण्याकडचं जोडपं आलं होतं, मयुरा आणि सिद्धांत. ती म्हणाली, "काका, सासऱ्यांचा डेक आहे, फेकवत नाही. पण कॅसेट कोण ऐकतं यार आता? आयपॉड लावून द्या ना." नवरा म्हणाला, "आणि बाबांचा फोन आला तर सांगू नका हं. त्यांना वाटतंय आम्ही त्यांच्याच कॅसेट ऐकतो." मी म्हटलं, मला कशाला फोन करतील? तर म्हणतो, "काका, तुम्ही त्यांना ओळखत नाही. ते डेकवाल्याचाही नंबर मागतील." अर्ध्या तासात केबल करून दिली. खूश झाली पोरं.

इकडे बाकी सर्व ठीक. कुमुदचे गुडघे दुखतात. सही करून टाक, ताई. उगाच ताणण्यात काही अर्थ नाही.

श्रीरंग


मिरज, २२ डिसेंबर २००६

श्रीरंग,

मयुराची केबल अर्ध्या तासात होते आणि माझी अकरा दिवसांत होत नाही. तिच्या सासऱ्यांचा डेक तुझ्या प्लगला चालतो आणि तुझ्या स्वतःच्या हातचा अ‍ॅम्प्लिफायर चालत नाही. इथे मिरजेत राजाभाऊ तंबोरे बनवतात. त्यांच्या दुकानामागे रेडिओवाल्याकडे असले पाच पिनांचे प्लग डबाभर पडलेत. एक तुला पाठवते आहे. आता सबब संपली.

आणि दिल्लीत डिसेंबर चालू आहे, धुक्याने विमानं अडकतात असं पेपरात रोज येतं, आणि तुझ्या पत्रात थंडीबद्दल एक अक्षर नाही. कुठल्या चौकीवर आहेस तू?

दुसरी गोष्ट. मला सतबीर नावाच्या मुलाचं हिंदी पत्र आलं. पानिपतचा आहे, इंद्रजितच्याच पाळीत शेजारच्या पत्रा दाबायच्या प्रेसवर होता म्हणतो. त्याचं म्हणणं, सेन्सर इंद्रजितने बंद केलेला नव्हता. हात आत गेला की प्रेस थांबावा म्हणून तो सेन्सर असतो, पण प्रेस सारखा थांबला तर माल कमी निघतो. म्हणून पाळीच्या साहेबाने वीतभर वायरचा तुकडा टाकून सगळ्याच प्रेसचे सेन्सर झोपवून ठेवले होते, आणि इंद्रजितने त्याबद्दल दोनदा तोंड उघडलं होतं. सतबीरने हे बाहेर सांगितलं म्हणून कंपनीने बदनामीचा ठपका ठेवून त्याला घरी बसवलंय. वीस फेब्रुवारीला चौकशी आहे. मी त्याच्या बाजूने दोन ओळी लिहून द्याव्यात अशी विनंती आहे.

मी नाही म्हणून कळवलं. तुला कठोर वाटेल, पण ऐक. त्या कारखान्यांबद्दल मला काही शिकवायला नको. शेतं विकत घ्यायची, काचेच्या इमारती उभ्या करायच्या, गावातली पोरं कंत्राटावर ओढायची आणि त्यांच्या बोटांवरून माल मोजायचा, याला हे लोक प्रगती म्हणतात. उद्या मला व्यासपीठ द्या, मी तासभर बोलेन आणि त्यांची झोप उडवेन. पण अड्ड्यावरच्या बायांना मी जन्मभर एकच शिकवलं. आपला माणूस चुकला तर चव्हाट्यावर कबूल करा. नाहीतर उद्या आपल्या खऱ्यालाही कोणी विचारणार नाही. माझ्या मुलाने ते मरताना करून दाखवलं. स्वतःची चूक स्वतःच्या तोंडाने सांगितली. आता मी त्याच्या मागे त्याला खोटं पाडू? आई म्हणून मला तो मोह होतो, रोज होतो, आणि म्हणूनच मी तो करणार नाही.

फक्त एकदा ऐकणार आणि जानेवारीअखेर सही करून पाठवणार.

ताई


पालम, ९ जानेवारी २००७

ताई,

तुझा प्लग मिळाला. केबल केली. सोबत आहे.

सतबीर दुकानात आला होता. तू त्याला लिहिलेलं पत्र घेऊन आला. म्हणाला, "चाचाजी, मराठी तो आवे ना, पर माताजी ने हिंदी में भी ऐसा लिख्या है कि पढ़ के शरम आ गई। जैसे झूठा मैं ही हूँ।" मी त्याला चहा दिला. चहा पिताना तो माझ्या बाकावरची हेडफोनची जोडी हातात घेऊन बसला. मग म्हणाला, "बस में एक कान उसका, एक मेरा। पालम से मानेसर तक माताजी का भाषण चाल्या करता। समझ में आधा ना आवे था, पर खून गरम हो जावे था।"

तुला हे माहीत नसेल. गेल्या उन्हाळ्यात तुझ्या भाषणांच्या कॅसेट इंद्रजित मिरजेहून घेऊन आला. माझ्या डेकवरून त्या प्लेअरमध्ये आम्ही दोघांनी मिळून उतरवल्या. दोन रविवार गेले. एका भाषणात मागे भोंगा वाजतो आणि तू भोंग्यावर ओरडतेस, ते पुन्हा पुन्हा लावून तो हसायचा. म्हणायचा, "मामा, भोंगा हरला बघ." तेच ऐकत तो माझ्या घरून मानेसरच्या कारखान्यात जायचा.

सतबीरला मी काही सांगितलं नाही. तो जाताना पाया पडला. मी दुकान बंद केलं आणि केबल करायला बसलो.

जोडायची कशी ते नीट वाच. अ‍ॅम्प्लिफायर आधी बंद ठेव. गोल प्लगची खाच वर येऊ दे, जोर लावू नकोस. बारीक पिन प्लेअरमध्ये टक् असा आवाज येईपर्यंत आत दे. मग अ‍ॅम्प्लिफायर चालू कर. प्लेअर त्याच्या सेलवरच चालू दे. आवाजाचं बटण अर्ध्याच्या पुढे ने. घरघर येईल, तिकडे लक्ष देऊ नकोस. फोल्डरमध्ये सगळ्यात शेवटची फाइल. दोन मिनिटं अकरा सेकंदांची आहे. शेवटपर्यंत ऐक. ऐकल्याशिवाय सही करू नकोस.

श्रीरंग


मिरज, २१ जानेवारी २००७

श्रीरंग,

काल दुपारी राजाभाऊंना बोलावून घेतलं, कारण ती बारीक बटणं मला दाबता येत नाहीत. तू लिहिलंस तसं सगळं केलं. देवासमोर बसावं तशी स्पीकरांसमोर बसले. इतकी वर्षं देव मानला नाही, पण काल तशी बसले.

घरघर आली. मग ढकलगाडीची चाकं. कोणाच्या तरी चपला. माझ्या मुलाचा आवाज नव्हता. कुठे कुठे श्वासासारखं काहीतरी पुसट यायचं आणि जायचं, शब्द एकही नाही. राजाभाऊ म्हणाले, "वहिनी, चुकीचं लागलं असेल." आणि तेवढ्यात आवाज आला. अगदी जवळून, कोणी कानाशी बसल्यासारखा.

"बोल बाळा. सेन्सर मीच बंद केला म्हण. हिंदीत म्हण. कोणी सांगितलं नव्हतं म्हण. गाडी बाहेर उभी आहे, एवढं बोल की निघालोच. ताईला काही कळणार नाही."

मला कमी ऐकू येतं, श्रीरंग, पण तुझा आवाज मी पाळण्यापासून ओळखते.

चार वेळा लावायला सांगितलं. चारही वेळा तूच. राजाभाऊंचा सगळा जन्म तारांत आणि त्या रेडिओवाल्याच्या संगतीत गेलाय. त्यांनी बारीक पिनेचं टोपण उघडून पाहिलं. म्हणाले, आत तीन तारा असतात, डावीची, उजवीची आणि दोघींची मिळून अर्थिंगची. दोन नीट जोडल्यात. तिसरी जोडलेली नाही. ती नसली की दोन्ही बाजूंना सारखा असलेला आवाज एकमेकांत मरतो, आणि एका बाजूला असलेला तेवढा उरतो. मग भिंग लावून पाहिलं आणि म्हणाले, "सोल्डरिंगचा टाका निसटलेला नाही, वहिनी. तार मुद्दाम कापून मागे वळवली आहे. वरून चिकटपट्टी लावली आहे. फार सफाईचं काम आहे."

सफाईचं काम. तुझ्या हाताबद्दल लोक नेहमी हेच म्हणत आले.

मी तुला काही विचारत नाही. तुला जे लिहायचं ते लिही. या वेळी गाळू नकोस.

अहिल्या


पालम, ३० जानेवारी २००७

ताई,

गाळत नाही.

सहा नोव्हेंबरला दुपारी फोन आला. मी मानेसरला पोचलो तेव्हा इंद्रजित कारखान्याजवळच्या एका लहान नर्सिंग होममध्ये होता. उजवा हात खांद्यापर्यंत गेला होता, छाती दबली होती. तिथल्या डॉक्टरने मला बाजूला घेतलं आणि हात जोडले. म्हणाला, मेरे बस का नहीं, दिल्ली ले जाइए. बाहेर कंपनीची अ‍ॅम्ब्युलन्स उभी होती. इंजिन चालू होतं. कंपनीच्या पर्सोनेल खात्याचा माणूस दारात होता. तरुण, नीट कपडे घातलेला, मला अंकल म्हणणारा. त्याने धमकी दिली नाही. म्हणाला, "अंकल, बस दो मिनट की फॉर्मॅलिटी है। स्टेटमेंट हो जाए, फिर बड़े हॉस्पिटल, सारा इंतज़ाम हमारा।" मी दुसरी गाडी पाहायला रस्त्यावर धावलो. हायवेवर ट्रकांशिवाय काही नव्हतं. एक शेअर ऑटो थांबली, आतल्या माणसांनी माझ्या शर्टावरचं रक्त पाहिलं आणि ऑटो निघून गेली.

मी परत आत आलो. त्या माणसाकडे रेकॉर्डर नव्हता. इंद्रजितच्या खिशातला प्लेअर रेकॉर्डही करतो, हे मीच सांगितलं. मीच तो त्याच्या छातीवर, तोंडासमोर ठेवला. मी डाव्या बाजूला कानाशी बसलो. इंद्रजित शुद्धीवर होता. म्हणाला, "मामा, मी नाही बंद केला. आई काय म्हणेल?" त्यावर मी ते बोललो, जे तू ऐकलंस. त्या माणसाने मान हलवली, मी बटण दाबलं, आणि तेच सगळं पुन्हा, शब्द शब्द त्याच्या कानात घालत गेलो आणि तो माझ्यामागून बोलत गेला. लहानपणी तू त्याच्याकडून पाढे म्हणून घ्यायचीस तसा.

दहा मिनिटांत गाडी निघाली. त्यांनी शब्द पाळला. मोठं हॉस्पिटल, मोठे डॉक्टर. चौथ्या दिवशी तो गेला. प्लेअर त्या माणसाने नेला होता; इंद्रजित गेल्याच्या दुसऱ्याच दिवशी त्याने फाइल उतरवून घेतली आणि प्लेअर परत आणून दिला. म्हणाला, "बच्चे की निशानी है।"

साध्या हेडफोनवर माझा आवाज कळत नाही. त्याचं बोलणं आणि डोक्यामागच्या ऑक्सिजनच्या यंत्राची सूंसूं, दोन्ही बरोबर मध्ये, म्हणून दोन्ही कानांत सारखी जोरात येतात, त्याखाली मी दबून जातो. मला वाटलं होतं, हे माझ्याबरोबर जाईल. नोव्हेंबरच्या शेवटी तुला पाठवण्याआधी प्लेअर बाकावर तपासत होतो. माझ्या टेस्टिंगच्या जुन्या वायरची अर्थिंग तुटलेली होती. दुकानात दोन गिऱ्हाइकं उभी होती. स्पीकरमधून इंद्रजित गेला आणि मी आलो. गिऱ्हाइकांना मराठी येत नव्हतं. मी वायर ओढून काढली.

तरी प्लेअर तुला पाठवला. बोंडांतून तुला ऐकू येणार नाही हे मला ठाऊक होतं. त्याचाही मी हिशेब केला होता.

मग तुझं पत्र आलं की तुला त्याचा अभिमान वाटतो, त्याने कबूल केलं म्हणून तू सही करणार. सतबीर तुझं पत्र घेऊन माझ्यासमोर बसला. तीन वेळा तुला लिहायला घेतलं, तीन वेळा फाडलं. फौजेच्या सिग्नल्समध्ये तेवीस वर्षं आणि दुकानात अकरा, माझा एक टाका कच्चा निघालेला नाही. तुझ्या केबलचे दोन टाके लावले, तिसरा नाही लावला. जे हाताने लिहवेना ते हातानेच केलं.

एक गोष्ट बोलतो, मग तुला हवं ते कर. भाषणं तुझी होती, ताई. खून गरम करायचं काम तू केलंस. तू मिरजेत होतीस. चालू इंजिनाच्या गाडीसमोर मी उभा होतो. तिथे तू असतीस तर त्याला खरं बोलायला लावून नर्सिंग होममध्ये मरू दिलं असतंस का? मला खरंच माहीत नाही. मला उत्तरही नको.

श्रीरंग


मिरज, ६ फेब्रुवारी २००७

श्रीरंग,

तू प्रश्न विचारलास आणि उत्तर नको म्हणालास. मी व्यासपीठावरून हजार माणसांना सांगितलं की झुकू नका. त्यातल्या एकाच्याही पोराच्या उशाशी मी बसले नव्हते. तुझं पत्र आल्यापासून अन्न गिळताना हेच समोर येतं.

पण त्यामुळे सतबीरचं घरी बसणं योग्य ठरत नाही. इंद्रजित मेला तो मेला. प्रेस अजून चालू आहेत, वीतभर वायरी अजून जागेवर आहेत, आणि आज सकाळीही पालमहून बस भरून पोरं त्यांच्यासमोर उभी राहिली असतील. तुला लाज वाटते म्हणून ती थांबणार नाहीत.

कंपनीचा कागद मी फाडला. प्लेअर आणि केबल रजिस्टर पोस्टाने पाठवते आहे. वीस तारखेला तू चौकशीला जायचंस. माझ्या मुलाच्या कानात जे बोललास ते उभा राहून, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलायचंस. तुला माफ करायचं की नाही ते मी ठरवलेलं नाही. त्यावर हे अवलंबून नाही.

अहिल्या


पालम, २२ फेब्रुवारी २००७

ताई,

जाऊन आलो.

दुकानातला एक जुना अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर रिक्षात घालून नेला. गेटवर गार्डने विचारलं, "शादी है क्या, चाचा?" खोलीत लांब टेबल, पलीकडे चौकशी अधिकारी म्हणून बाहेरून आणलेला वकील. बाजूला तोच पर्सोनेलचा माणूस. त्याने मला नमस्ते अंकल म्हटलं. सतबीर इस्त्रीचा शर्ट घालून आला होता.

मी केबल लावली आणि ऐकवलं. माझा आवाज त्या खोलीत फार मोठा आला. वकिलाला मराठी समजत नव्हतं. मी एकेक वाक्य हिंदीत सांगितलं. त्याने केबल हातात घेऊन पाहिली. "इसमें तो एक तार कटी हुई है।" मी म्हटलं, हो, म्हणूनच ऐकू येतं. तो म्हणाला, "मतलब खराब तार से एक बात, सही तार से दूसरी? सही तार से सुनाइए।" पर्सोनेलच्या माणसाने पिशवीतून नवी कोरी केबल काढली. तयारीनेच आला होता. लावली. इंद्रजित बोलला. स्वच्छ, तीनही वाक्यं. सतबीरने मान खाली घातली.

मग मी उभा राहिलो. म्हटलं, केबल राहू द्या, मी जिवंत आहे, मला विचारा. हे शब्द माझे आहेत. मुलगा नाही म्हणत होता. सेन्सर त्याने बंद केला नव्हता. गाडीसाठी मी त्याला खोटं बोलायला लावलं, आणि तुमचा हा माणूस तिथे उभा होता. माझा आवाज वाढला असावा, कारण दारातून कोणीतरी डोकावलं.

वकिलाने शांतपणे विचारलं, "तो आप तब झूठ बोल रहे थे, या अब?"

मी म्हटलं, तब.

त्याने लिहून घेतलं की साक्षीदार स्वतः खोटं बोलल्याचं कबूल करतो, सबब त्याचं म्हणणं विश्वासार्ह नाही.

काल सतबीरचा फोन आला, त्याला काढून टाकल्याचं पत्र मिळालं. पानिपतला काकाच्या हातमागावर बसणार म्हणाला. वर मलाच समजावत होता. "चाचाजी, दिल छोटा मत करो। आप बोल तो दिए।" त्या दिवशी गेटबाहेर पाळी सुटत होती. चारपाच पोरं अ‍ॅम्प्लिफायर पाहून जवळ आली, काय झालं विचारलं. मी सांगितलं, सगळं, पहिल्यापासून. त्यांनी ऐकून घेतलं. मग बस आली आणि ती चढली.

इकडे थंडी गेली. दुपारचं ऊन आता अंगाला लागतं. कुमुदने रजया वाळत घातल्या आहेत.

श्रीरंग


मिरज, ३ मार्च २००७

श्रीरंग,

तुझं पत्र वाचलं. हवेची ओळ दोनदा वाचली.

तू बोललास. हरलास, पण बोललास, आणि त्या चारपाच पोरांनी ऐकलं. सतबीरला मी काल लिहिलं, माफी मागितली. मिरजेत त्याला कधीही घर आहे असं कळवलं. तुझ्याबद्दल माझ्या मनात काय आहे ते अजून मलाच धड सांगता येत नाही. सांगता आलं की लिहीन.

एक काम आहे. परवा अड्ड्यावर सभा होती. बायांनी बोलायला उभं केलं. मी नेहमीसारखी सुरुवात केली आणि मध्येच थांबले. मला एकदम जाणवलं की माझ्या मुलाचा आवाज कसा होता ते मला आठवत नाही. चेहरा आठवतो, चालणं आठवतं. आवाज नाही. तुझ्या केबलमधून तुझाच आला. त्याचा मी अजून ऐकलेलाच नाही.

प्लेअर परत पाठव. आणि या वेळी केबल पुरी कर, तिसरा टाका लाव. तो खोटं बोलतोय हे मला माहीत आहे. कोणाचे शब्द आहेत तेही माहीत आहे. तरी आवाज त्याचा आहे.

ताई